सातवा थर्मोकपल खराब नव्हता

सोमकुवर काका, आपली ओळख माझ्या आईमुळे झाली, असं तुम्ही सगळ्यांना सांगत होता, आणि ते खरंच होतं. केंद्रात रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मी पांढुर्ण्याला फोनवर बोलत होते, "हो वं माय, जेवली मी. काळजी नको करू." वर शिडीवर चढून तुम्ही एका पाइपाचे बोल्ट आवळत होता. फोन ठेवला तसे वरूनच म्हणालात, "पांढुर्ण्याच्या काय जी मॅडम?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

"माय म्हणणारे इथं कुठं भेटतात? मी बोरगावचा. सौंसरजवळचं."

समुद्राकाठच्या त्या केंद्रात देशभरातली माणसं होती, पण आपल्या बोलीतलं माणूस मला एकच मिळालं. इतरांना आपली मध्य प्रदेशातली मराठी अर्धी हिंदी वाटायची. तुम्ही सांगितलंत की बदली होऊन आलात तेव्हा पहिलं वर्षभर तुम्ही हिंदीतच बोललात, उगाच कुणी हसायला नको म्हणून. माझ्याशी मात्र तुम्ही बोरगावात बोलावं तसंच बोललात. महिन्याभरात 'मॅडम'ची 'बाई' झाली. मी तुम्हाला काका म्हणू लागले.

आपलं काम काय, हे गावातल्या लोकांना सांगायची तुमची एक पद्धत होती. "मोठा बंब हाय, असं सांगतो मी. आत लाकडाच्या जागी युरेनियम. आपलं काम एवढंच, पाण्यानं गरमी उचलून नेली पायजे आन् कुठं थांबलं नाही पायजे." डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत मला जे सांगायला चाळीस मिनिटं लागली होती, ते तुम्ही तीन वाक्यांत बसवलं होतंत.

माझं काम त्याच पाण्याचं, पण संगणकावरचं. अणुभट्टीच्या पाइपातून जोरात वाहणारं पाणी सरळ रेषेत जात नाही. त्यात भोवरे उठतात, मोठे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान. यालाच आम्ही टर्ब्युलन्स म्हणतो. गरमी किती आणि कुठे पोचेल ते या भोवऱ्यांवर ठरतं. पण प्रत्येक भोवऱ्याचा माग काढणं संगणकालाही जड जातं, म्हणून आम्ही प्रवाहाची सरासरी घेतो आणि भोवऱ्यांचा एकूण परिणाम सांगणारं एक मॉडेल समीकरणांत बसवतो. त्या मॉडेलवर माझी डॉक्टरेट होती. त्याचा मला अभिमान होता, आणि अभिमानापेक्षा थोडं जास्तच काहीतरी होतं.

तुमचं काम लूपवरचं. दोन मजले उंच, चकचकीत पोलादी पाइपांचं ते जाळं तुम्ही फिटर म्हणून इथे आलात तेव्हापासून तुमच्या हाताखालून गेलेलं. पंप, हीटर, झडपा, आणि जागोजागी पाइपाच्या भिंतीत बसवलेले थर्मोकपल, म्हणजे तापमान सांगणाऱ्या बारीक तारा. मी संगणकावर जे सांगायचे ते खरं आहे का, हे तुमचं लूप खऱ्या पाण्यात पाहून सांगायचं. तुम्ही पंप सुरू केला की पाइपावर तळहात ठेवून डोळे मिटायचात. मी एकदा विचारलं, काय ऐकता? तुम्ही म्हणालात, "ऐकत नाही. पाणी कसं चालून राहिलं ते पाहतो."

एका दुपारी डबा खाताना तुम्ही विचारलंत की पांढुर्ण्यात माझं घर कुठे. मी बाजारातलं आमचं कापडाचं दुकान सांगितलं. तुम्ही घास तोंडात तसाच ठेवून थोडा वेळ विचार केलात. मग म्हणालात, तुमचे वडील तेव्हा तिगावकडे संत्र्याच्या बागेत कामाला होते. तुमच्या पहिल्या फुलपँटचं कापड त्यांनी आमच्याच दुकानातून घेतलं होतं. "दुकानाच्या पायरीखाली उभं राहून. वरून कापड खाली टाकलं तुमच्या आजोबानं. चांगलं कापड होतं, दोन भावायनं घातलं ते." तुमच्या आवाजात तक्रार नव्हती. लूपच्या वहीत तापमान टिपावं तसं तुम्ही ते सांगितलंत आणि लोणचं पुढे केलंत. मी लोणचं घेतलं.

हे मी आधी सांगते आहे, कारण पुढचं मी हे माहीत असताना केलं.

त्या वर्षी आपल्याकडे एका सांध्याचं काम आलं. गरम पाण्याच्या मोठ्या पाइपाला थंड पाण्याचा लहान पाइप काटकोनात येऊन मिळतो, तो सांधा. दोन्ही पाणी मिसळल्यावर पुढच्या पाइपाच्या भिंतीचं तापमान किती राहील, ते सांगायचं होतं. माझ्या मॉडेलनं सुंदर उत्तर दिलं. गुळगुळीत रेघ, सांध्यापाशी थोडी खाली, मग हळूहळू वर. तुम्ही लूपमध्ये तसाच सांधा बनवलात, भिंतीत बारा थर्मोकपल बसवलेत. अकरा जणांनी माझ्याशी जुळणारे आकडे दिले. सांध्याच्या लगेच पुढे बसलेला सातवा काही एका जागी थांबेना. खाली-वर, खाली-वर.

मी म्हटलं, सातवा खराब आहे, काढून टाका, बाकीच्यांवर अहवाल करू.

तुम्ही म्हणालात, "खराब नाही बाई. दोनदा बदलून पाहिला. नवा बी तसाच नाचते."

"मग जोडणी सैल असेल."

"जोडणी माझी हाय."

"काका, बाकीचे अकरा जुळतात. एकासाठी अहवाल अडवायचा का?"

"ते अकरा लांब हायेत जी. हा एकटा जवळ हाय. हा खरं बोलून राहिला."

शेजारी दोन सहकारी उभे होते. अहवाल त्याच आठवड्यात द्यायचा होता, आणि माझी रेघ इतकी गुळगुळीत होती. मी म्हणाले, "काका, तुमचं काम तारा जोडायचं आहे. त्यांचा अर्थ लावायचं काम माझं आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "बरं मॅडम."

ते 'मॅडम' मला ऐकू आलं होतं, काका. तुम्हाला कधी वाटलं असेल की माझ्या लक्षात आलं नाही, तर तसं नव्हतं. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं, आणि स्वतःला समजावलं की कामाच्या ठिकाणी असं होतंच.

त्यानंतरचे चार दिवस तुम्ही काय करत होता ते मला नंतर कळलं. जेवणाच्या सुटीत डबा न उघडता तुम्ही लूप चालू करत होता. आमचं नेहमीचं यंत्र दर काही सेकंदांनी एकदा तापमान टिपायचं. तुम्ही दुसऱ्या विभागातून एक जुनं पण जलद यंत्र मागून आणलंत आणि सातव्याला ते जोडलंत. पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. वर चिठ्ठी नाही, सही नाही. फक्त आलेख. भिंतीचं तापमान एका सेकंदात तीन-तीन, चार-चार वेळा वर जाऊन खाली येत होतं. ते सैल तारेचं उगाच थरथरणं नव्हतं. त्याला एक लय होती, आणि पंपाचा वेग बदलला की लयही बदलत होती. तुम्ही तेही करून पाहिलं होतंत, तीन वेगवेगळ्या वेगांवर.

मी तो गठ्ठा घेऊन तासभर बसले. मग मला साधी गोष्ट दिसली. माझी समीकरणं हे दाखवूच शकत नव्हती. ती सरासरीच सांगत होती. गरम आणि थंड पाण्याचे भोवरे आळीपाळीनं भिंतीला थडकत होते, आणि माझं मॉडेल त्या दोघांची बेरीज करून, निम्मं करून, सगळं शांत आहे असं सांगत होतं. पण पोलाद काही सरासरीवर जगत नाही. ते दर वेळी प्रसरण पावतं, दर वेळी आकसतं. असं लाखो वेळा झालं की त्याला बारीक चिरा पडतात.

मी अहवाल थांबवला. मोठे भोवरे जसेच्या तसे मोजायची पद्धत असते, फार वेळखाऊ, ती लावली. आमच्या मोठ्या संगणकावर तीन आठवडे तेच एक गणित चाललं. शेवटी पडद्यावर थंड पाण्याची जीभ गरम पाण्यात शिरताना दिसली. ती डावी-उजवीकडे डोलत होती, सातव्याच्या जागेवर येऊन आपटत होती, परत जात होती. लय तुमच्या आलेखातलीच. मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहत उभे राहिलात.

"असंच चालते ते," एवढंच म्हणालात. जणू घरातल्या कुणाचा फोटो पाहिला.

अणुभट्टीच्या आराखड्यात त्या सांध्याला आतून एक पोलादी बाही बसवली गेली, म्हणजे थंड पाणी भिंतीला न शिवता थेट मधल्या धारेत जावं. तो सांधा आजही नीट चालू आहे. हे तुमच्या हट्टामुळे झालं, आणि ते मी कुठेही, कुणाहीसमोर सांगेन.

पण कागदावर मी ते सांगितलं नाही. त्या कामावर लेख छापून आला. लेखकांत माझं नाव होतं, आमच्या विभागप्रमुखांचं होतं. तुमचं नाव घालू का, असं मी प्रमुखांना विचारलं होतं. ते म्हणाले, "फिटरचं नाव लेखकांत नसतं. आभारांत घाला." मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' अशी ओळ आली, तीत तुम्ही आणि आणखी तिघं. लेखाची प्रत तुम्ही माझ्याकडे मागितलीत. पानं उलटत शेवटच्या पानापर्यंत गेलात, ती ओळ वाचलीत, प्रत घडी न करता सरळ धरून म्हणालात, "चित्रं मस्त आलीत."

वर्षभर मी 'मॅडम'च राहिले. तुम्ही कामात कधी कसर ठेवली नाही, उलट माझ्या प्रत्येक मॉडेलसाठी तुम्ही आधीच जास्तीचे थर्मोकपल बसवून ठेवायचात. तुमच्या निरोपसमारंभाच्या दिवशी हार काढून टेबलावर ठेवताना म्हणालात, "गावाकडे आल्या तर येत जा बाई." मी त्या एका शब्दावर आले, काका. दर हिवाळ्यात आले.

पांढुर्ण्याहून बस पकडायची, सौंसरला उतरायचं, तिथून बोरगाव. वत्सलाकाकू ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी करायच्या आणि माझ्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढायच्या. तुम्ही अंगणात कुणाचा तरी पंप उघडून बसलेले असायचात. गावातल्या प्रत्येक मोटरीचा आवाज तुम्हाला पाठ होता.

आणि आपला वाद सुरू व्हायचा. मी म्हणायचे, संगणक इतके वाढताहेत की अजून वीस वर्षांनी लूपची गरजच राहणार नाही. भट्टीतला प्रत्येक भोवरा आम्ही मोजू.

"मोजान. पण बरोबर मोजला का नाही, ते कोणाले इचारान?"

"दुसऱ्या, आणखी मोठ्या संगणकाला."

"म्हणजे तुम्हीच पेपर लिवणार आन् तुम्हीच तपासणार."

"काका, नव्या भट्ट्यांत पाण्याच्या जागी पातळ धातू असेल. तो काय काचेतून दिसणार आहे? तिथे तुमचं लूप किती पुरं पडेल?"

यावर तुम्ही उघडलेल्या पंपाकडे वळायचात, पण हरल्यासारखे नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत काहीतरी उत्तर तयार ठेवायचात. मी अजूनही म्हणते की माझं बरंचसं खरं आहे. तुमचं संपूर्ण खोटं नाही, एवढंच कबूल करते. हा वाद इतक्यात मिटवायची मला घाई नाही.

एक गोष्ट मात्र मी मिटवायला हवी होती. गेल्या हिवाळ्यात तुम्हाला धाप लागायची, खाटेवर उशीला टेकून बसला होता. काकू आत होत्या. मी म्हटलं, "काका, त्या सातव्याच्या वेळी मी तुम्हाला जे बोलले..."

तुम्ही हात वर केलात. "त्या सातव्याची जागा माझी चुकलीच होती बाई. अजून दोन बोटं खाली पायजे होता. तिथं अजून जास्त नाचला असता."

मी पुढचं बोलले नाही. तुम्ही विषय टाळलात, की तुमच्या मनात खरंच ती दोन बोटंच होती? मला कळलं नाही. मी केंद्रात परत आल्यावर गणित करून पाहिलं. दोन बोटं खाली तापमान खरंच जास्त नाचत होतं.

मग तुम्ही गेल्याचा काकूंचा फोन आला. मी पोचले तोवर तुम्हाला नेलेलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र मी सकाळीच बोरगावात होते. बुद्धवंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं. दोघं-तिघं बोलले, तुमच्या स्वभावाबद्दल, मोटरी फुकट दुरुस्त केल्याबद्दल. मग तुमचे थोरले भाऊ, नामदेवकाका, माझ्याकडे वळले. म्हणाले, "बाई, तुम्ही सोबत कामाले होत्या. तिथं तो नेमकं काय करे, ते आमाले कोणी सांगितलं नाही. तुम्ही सांगा."

मी उभी राहिले. समोर सत्तर-ऐंशी माणसं, शेतावरून आलेली, बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. मी भाषणाच्या मराठीत सुरुवात केली, आणि दोन वाक्यांतच ती सोडून दिली. घरी बोलते तसं बोलले. गरम पाणी, थंड पाणी, सांधा. बारा तारा, त्यातली एक नाचणारी. सगळे म्हणत होते खराब आहे, एकटा माणूस म्हणत होता खराब नाही. त्या माणसानं जेवणाची सुटी सोडून चार दिवस ते सिद्ध केलं. त्याच्या त्या चार दिवसांमुळे एका अणुभट्टीतला पाइप चिरण्यापासून वाचला. लोक ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं, पाइप चिरला असता तर? मी ते सांगितलं, न वाढवता, न लपवता.

तिथे थांबता आलं असतं. पण मी पुढेही सांगितलं. 'सगळे म्हणत होते' म्हणजे कोण, ते सांगितलं. मी तुम्हाला काय बोलले ते शब्द जसेच्या तसे सांगितले. आमच्या दुकानाच्या पायरीचंही सांगितलं, कारण ते शब्द बोलताना मी त्या पायरीवर वरच उभी होते, हे मला ते बोलतानाच ठाऊक होतं.

नामदेवकाकांनी विचारलं, "मग त्याचं नाव कुठं हाय? तुमच्या त्या पुस्तकात?"

"नाही," मी म्हणाले. "आभारांत आहे. करणाऱ्यांत नाही."

"त्यानं केलं ना?"

"हो. त्यांनीच केलं."

"मग लिवा," ते म्हणाले, आणि खाली बसले.

जेवणं झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही बोलल्या ते मले मालूम होतं. त्याच दिवशी मालूम होतं. घरी आले तर जेवले नाही. इचारलं तर सांगितलं."

मी विचारलं, "इतकी वर्षं मी तुमच्या घरी येऊन जेवत होते. तुम्ही मला एकदाही बोलल्या नाहीत?"

"मी बोलणार होती. पहिल्या बारीलेच. ते म्हणे, राहू दे. ती येऊन राहिली ना, कळलं म्हणूनच येऊन राहिली." मग काकूंनी पदरानं हात पुसले. "पण मले वाटे, तुम्ही एकडाव बोलाव. आज बोलल्या. बरं झालं."

काका, म्हणजे तुम्ही माफी ऐकून घेतली नाहीत, कारण तुमच्या मते ती कधीचीच झाली होती. मला हे पटत नाही. काकूंचं पटतं. बोलायला हवं ते बोललंच पाहिजे.

केंद्रात परतल्यावर मी दोन कामं केली. त्या जुन्या लेखात लेखक म्हणून तुमचं नाव घालावं, असं कारणासकट पत्र तो छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलं. जुन्या प्रमुखांनाही फोन केला. ते आता निवृत्त आहेत. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझी हरकत नाही, पत्रावर माझी सही घ्या. नाव लागायला वेळ लागेल, पण लागेल.

दुसरं काम मोठं आहे. तुमची त्या सांध्याची सगळी मोजमापं, तिन्ही वेगांवरची, आजवर कपाटातच होती. ती पूर्ण छापायची. आता जगात कुणीही नवं टर्ब्युलन्स मॉडेल केलं की त्याला ते तुमच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल, आणि जे सातव्याशी जुळणार नाही ते मॉडेल परत जाईल. आपल्या वादात हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, आणि तो मी माझ्या हातानं लिहिते आहे.

या नव्या लेखावर पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं. तुम्ही असता तर म्हणाला असता, असू द्या बाई, चित्रं मस्त आली म्हणजे झालं. याबाबतीत मी तुमचं ऐकणार नाही.